एका पेगनं काय होतंय?

या आठवड्याचं पत्र लांब आहे. त्यातला मुख्य भाग देते:

‘ताई, मी 41 वर्षांचा आहे. पाच आठवड्यांपूर्वी सायकलवरून पडलो. हेल्मेट होतं, तरी डोकं चांगलंच आपटलं. बायको म्हणते, मिनिट-दोन मिनिटं मी शुद्धीवर नव्हतो. मला पडण्याआधीचं वळण आठवतं आणि त्यानंतर थेट दवाखान्याच्या छताचा दिवा. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सौम्य दुखापत आहे, काही आठवड्यांत बरं वाटेल. बरंचसं वाटतंयही. पण दुपारनंतर डोकं ठणकतं, मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागले की धागा सुटतो आणि झोपेचं पार खोबरं झालंय. डोकेदुखीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी सुरू आहे, लागेल तशी पॅरासिटामॉल घेतो.

आता मुद्द्याचं. मी कधीच फार पिणारा नव्हतो. शनिवारी दोन पेग, बस. चौथ्या आठवड्यात मित्राकडे बसलो होतो, तेव्हा मुद्दाम दीडच घेतला. दुसऱ्या दिवशी उठलो तो जणू पुन्हा पहिल्या आठवड्यात. दोन दिवस डोकं दुखत होतं आणि मुलीच्या हातून पेला पडला म्हणून तिच्यावर असा ओरडलो की माझं मलाच कळेना. त्याआधी दोन-तीनदा झोप यावी म्हणून रात्री अकराला एक पेग घेतला होता. झोप पटकन लागली, पण दोन-अडीचला टक्क जाग. बायको म्हणते, आता आयुष्यात थेंबही नको. भाऊ म्हणतो, एका पेगनं काय होतंय, उलट दारू मेंदूला वाचवते असं त्यानं कुठंतरी वाचलंय. तीन आठवड्यांनी कॉलेजचे सगळे मित्र पंधरा वर्षांनी भेटणार आहेत. तेव्हा किती चालेल, एवढंच सांगा. – दीड पेगवाला’

दीड पेगवाले,

आधी उत्तर, मग बाकीचं: आत्ता शून्य. त्या भेटीतही शून्य. पुढं कधीतरी थोडी चालेल का, तर बहुधा हो, पण ती वेळ तीन आठवड्यांनी येईलच असं धरून चालू नका. बायको सांगते तेवढं कायमचं नाही आणि भाऊ सांगतो तेवढं किरकोळही नाही.

‘सौम्य’ या शब्दानं तुमची गफलत केली आहे. तो पहिल्या दिवशीच्या मोजमापाचा शब्द आहे. शुद्ध हरपली तर ती अर्ध्या तासाच्या आत परत यायला हवी, आठवणीतली पोकळी एका दिवसापेक्षा कमी असायला हवी आणि तपासताना ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायच्या पट्टीवर, 15 पैकी 13 ते 15 गुण मिळायला हवेत. एवढं असलं की दुखापत सौम्य गटात जाते. तिचा त्रास सौम्य असेल, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला ही फारच चांगली गोष्ट, कारण आत रक्तस्राव नाही आणि कवटीला तडा नाही हे त्यातून कळलं. पण सीटीला पेशी नीट काम करतायत की नाही हे दिसत नाही. तुमच्या मेंदूला बसलेला हा मुका मार आहे. चेंडू भिंतीवर आपटावा तसा मेंदू कवटीत हलतो, पेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात, आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. हा पसारा आवरायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच तिकडचा रक्तपुरवठा कमी पडलेला असतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. बहुतेक प्रौढ माणसं दोन आठवड्यांच्या आसपास बरी होतात, काहींना तीन महिनेही लागतात, थोड्या जणांचं दुखणं त्याहून रेंगाळतं. पाच आठवड्यांनी दुपारनंतर डोकं ठणकणं यात जगावेगळं काही नाही. पण त्याचा अर्थ काम अजून चालू आहे.

आता तुम्ही विचारलेल्या ‘किती’कडे येते. तुम्ही प्रामाणिकपणे दीड मोजलात, हे मला आवडलं. पण कशाचा दीड? 60 मिलीच्या पेगमध्ये, दारूचं प्रमाण साधारण 42 टक्के धरलं तर, शुद्ध अल्कोहोल 20 ग्रॅमच्या आसपास असतं. दीड म्हणजे 30 ग्रॅम. बऱ्याच देशांत ‘एक ड्रिंक’ म्हणून 10 ग्रॅम धरतात, म्हणजे तुमचे दीड त्या हिशेबात तीन झाले. बाटलीतून डोळ्यांनी मापून ओतलं असेल तर देव जाणे. यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम या गतीनं निपटवतं. कॉफी पिऊन किंवा गार पाण्यानं आंघोळ करून ती गती वाढत नाही.

आता झोपेच्या पेगला हाच हिशेब लावा. अकरा वाजता 20 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन तासांनी रक्तातली दारू संपत आली. तुम्हाला जाग येते दोन-अडीचला. दारूनं डोळा लवकर लागतो, ते खरंच आहे. पण रात्रीच्या पहिल्या भागात ती स्वप्नांची झोप दाबते आणि उतरायला लागली की मेंदू उलट जास्त सावध होतो. मग कूस बदलत बसायचं, लघवीला उठायचं, घसा कोरडा. मेंदूची डागडुजी चालू असताना झोपेसारखं दुसरं औषध नाही आणि तुम्ही त्याच औषधात पाणी घालताय. तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण ‘मी पीत नाही, फक्त झोपेपुरती घेतो’ म्हणतात. मला शनिवारच्या दोन पेगांपेक्षा या झोपेपुरत्या एका पेगची जास्त धास्ती वाटते. शनिवारचा शनिवारीच संपतो, हा रोजचा व्हायला वेळ लागत नाही. झोप येत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा, हा त्रास त्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे.

पण या सगळ्याहून मोठं कारण वेगळंच आहे.

तुमच्या दुखापतीवर लक्ष ठेवायला कुठलंही यंत्र नाही. मोडलेलं हाड जुळलं की नाही, ते एक्स-रेत दिसतं. मधुमेह आटोक्यात आहे की नाही, ते रक्त सांगतं. मेंदूचा मुका मार भरतोय की नाही, हे सांगणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुम्हाला काय होतंय. आज डोकं किती वाजता दुखायला लागलं, किती वेळ वाचता आलं, जिना उतरताना तोल गेला का, कुणावर विनाकारण खेकसलो का. त्यावरूनच काम वाढवायचं की थांबायचं, गोळी बदलायची की नाही, हे ठरतं. आता दारू काय करते ते बघा. डोकं दुखवते, तोल घालवते, बोलण्याचा धागा तोडते, झोप बिघडवते, राग नाकावर आणते. यादी तीच आहे! दारू आणि दुखापत यांचे ठसे एकसारखे आहेत. त्या रविवारी तुम्हाला जे झालं ते दीड पेगमुळं, जागरणामुळं, गोंगाटामुळं की दुखापतच रेंगाळल्यामुळं? तुम्ही सांगू शकत नाही. मी सांगू शकत नाही. तुमचे न्यूरॉलॉजिस्टही सांगू शकणार नाहीत. आपल्याकडं एकच तराजू आहे आणि त्याच्या पारड्यात तुम्ही अंगठा ठेवलाय.

म्हणून ‘किती चालेल’ याला मी आकडा देत नाही. अर्ध्या पेगनं मेंदूचं कायमचं नुकसान होतं, असं सांगून मला तुम्हाला घाबरवायचं नाही. तुम्ही जे प्यायलात त्यानं तुमची गाडी रुळावरून घसरली असं समजायचंही कारण नाही. दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा चौथ्या आठवड्यात आलात ना? मग झालं ते झालं. पण डोक्याला मार लागल्यावर पूर्वीएवढीच दारू जास्त चढते, हे किती तरी रुग्ण स्वतःच्या अनुभवानं सांगतात. तुमच्या अंगातली जुनी मापं तूर्तास रद्द आहेत. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा अशा रुग्णांना साध्या भाषेत एवढंच सांगते: बरं वाटेपर्यंत दारू घेऊ नका. मलाही याहून शहाणपणाचं वाक्य सुचत नाही.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण पत्रात तुम्ही त्या जाता जाता उल्लेखल्या आहेत. अमिट्रिप्टिलिन स्वतःच गुंगी आणते, उठताना रक्तदाब थोडा खाली आणते. वर दारू पडली की दोन्हींची गुंगी मिळून जास्त होते. रात्री लघवीला उठलात आणि भोवळ आली, तर न्हाणीघराची कडा कुणाची गय करत नाही. डोक्याला पुन्हा मार बसण्याचा हा सगळ्यात साधा रस्ता आहे, आणि पहिली दुखापत भरायच्या आत बसलेला दुसरा मार पहिल्यापेक्षा महाग पडतो. पॅरासिटामॉल आणि दारू दोन्ही यकृताच्याच माथी येतात. शिवाय पॅरासिटामॉल महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस घेत राहिलात, तर त्या गोळीमुळंच डोकं दुखायला लागू शकतं. दिवस मोजलेत का? मोजा. (हे तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही.) पॅरासिटामॉलऐवजी इबुप्रोफेन घेतली तर दारूबरोबर ती पोटाच्या अस्तराला बाधते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या कुणी सुरू केल्या, तर त्यांच्यासोबत दारू हा विचारच नको, श्वास मंदावतो.

आणि एक गोष्ट बायकोला मुद्दाम वाचायला द्या. डोक्याच्या दुखापतीनंतर कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साठण्याचा एक प्रकार असतो. तो क्वचित होतो, पण काही आठवड्यांनीही होऊ शकतो. वय जास्त असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा बरीच वर्षं भरपूर पिणं असेल तर जास्त. त्याची लक्षणं म्हणजे वाढत जाणारी डोकेदुखी, सारखी गुंगी, गोंधळलेलं बोलणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं. हातात ग्लास असलेला माणूस असा वागला तर लोक काय म्हणतात? चढली आहे, झोपू द्या. दारूचा वास येत असला की घरच्यांचीच काय, कधी कधी दवाखान्यात तपासणाऱ्यांचीही फसगत होते. वारंवार उलट्या, झटका (फिट), डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, उठवूनही नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. प्यायला होता की नव्हता, हा वाद नंतर घाला.

भावाचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, त्यानं खरंच काहीतरी वाचलं असणार. गंभीर मार लागून भरती झालेल्या रुग्णांच्या काही अभ्यासांत, अपघाताच्या वेळी रक्तात दारू असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण थोडं कमी आढळलं. काही अभ्यासांत तसं काहीच आढळलं नाही. पण ही चर्चा डोकं आपटण्याच्या क्षणाची आहे, आणि तिकडं पोचवणाऱ्या अपघातांत दारूचा वाटा किती मोठा असतो ते त्यात येत नाही. पाच आठवड्यांनी बाटली उघडण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. भावाला एवढंच सांगा की जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही असं जाहीर केलं, आणि ते धडधाकट माणसांबद्दल होतं.

मग कधी? तारखेवरून ठरवू नका. पूर्ण दिवस काम करून, घाम येईल एवढा व्यायाम करून, गोंगाटात तासभर बसूनही डोकं, झोप आणि स्वभाव सलग काही आठवडे ताळ्यावर राहिले, गुंगीच्या गोळ्या बंद झाल्या आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, की मग विषय काढा. डॉक्टरांना ‘दारू चालेल का’ असं मोघम विचारू नका. किती आणि किती वेळा हे ग्रॅममध्ये नाही तरी मिलीमध्ये सांगा. (दोन पेग म्हणताना ते लहान की मोठे हे बहुतेक जण गिळून टाकतात.) पहिली वेळ घरी असू दे, जेवणाबरोबर, झोपायच्या बऱ्याच आधी, मापानं ओतलेले 30 मिली, आणि बायको घरात असताना. त्यानंतर दोन दिवस काहीच नाही, नुसतं स्वतःकडं लक्ष. तो रविवार परत आला तर अजून वेळ आहे. नाही आला, तरी पूर्वीच्या दोनवर जायची घाई कशाला? तोवर बाटलीवर ‘अल्कोहोलविरहित’ लिहिलेली बीअर घ्यायची असेल तर घ्या, पण लेबल बघा. अशा बीअरमध्ये अर्धा टक्का असू शकतो. तेवढ्यानं काही बिघडत नाही, सहा बाटल्या रिचवू नका म्हणजे झालं.

हे सगळं तुमच्यापुरतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसलेल्यांना, अपघातानंतर झटका आलेल्यांना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना किंवा पूर्वी दारू सोडायला धडपड करावी लागलेल्यांना माझं उत्तर जास्त कडक असेल. आणि रोज भरपूर पिणाऱ्या कुणी हे वाचून आज रात्रीपासून एकदम बंद करू नये. अचानक तोडल्यानं झटके येऊ शकतात, आधी डॉक्टरांकडे जा. तुम्हाला तो धोका नाही. मात्र शनिवारचे दोन पेग सोडणं वाटलं होतं त्यापेक्षा जड जात असेल, तर ती माहितीही स्वतःपाशी दडवू नका.

बायकोचं ‘थेंबही नको’ मला समजतं. तुमची शुद्ध हरपली तेव्हाचं तुम्हाला काही आठवत नाही. तिला त्या दोन मिनिटांतलं सगळं आठवतं. तिच्याशी कायमचं-कधीच असा वाद घालू नका, ‘बरा होईपर्यंत शून्य, मग डॉक्टरांना आपण दोघं मिळून विचारू’ एवढंच म्हणा. मुलीला मात्र आजच सांगा की बाबाचं डोकं अजून दुखरं आहे, त्यामुळं राग पटकन येतो, पेला पडला यात तिची चूक नव्हती. मुलं अशा वेळी गप्प राहून सगळा दोष स्वतःकडं घेतात.

राहिली कॉलेजवाल्यांची भेट. जा, नक्की जा. पण मला ग्लासापेक्षा त्या खोलीची काळजी जास्त आहे. पंधरा वर्षांनी भेटणारी वीस माणसं, सगळी एकदम बोलणार, वर गाणी. तुमचा धागा दोन माणसांत सुटतो. सुरुवातीलाच जा, भिंतीकडची जागा धरा, दर अर्ध्या तासानं बाहेर जाऊन पाच मिनिटं शांत उभे राहा आणि रंगात यायच्या आत निघा. परतीसाठी कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. स्वतः गाडी चालवण्याएवढं डोकं ताजं राहील असं धरू नका. हातात लिंबू घातलेला सोडा असला की निम्मे लोक विचारतच नाहीत. उरलेल्यांना ‘सध्या घेत नाही’ म्हटलं तर ते आग्रह करतील, ‘डोक्यावर पडलोय’ म्हटलं तर हसतील आणि किस्सा ऐकायला बसतील. सायकलचा किस्सा तुमच्याकडं आहेच. वळणापर्यंतचा तुम्ही सांगा, पुढचा बायकोकडून ऐकून ठेवा.